दहा दिवसांचं युद्ध: स्लोव्हेनिया युगोस्लाव्हियातून कसा सुटला (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

बाल्कनचा विषय निघाला की लोक थेट बोस्नियातल्या सारायेवोच्या वेढ्यावर आणि स्रेब्रेनित्साच्या कत्तलीवर जातात, त्याच्या आधीचे दहा दिवस कुणाच्या खिजगणतीतच नसतात. मला मात्र त्या दहा दिवसांचं वेड लागलंय, ज्याला त्याला सांगत सुटतो आणि मग लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. क्रम माझ्या मनाचा आहे. मधलं काही गाळलंत तरी चालेल पण "ते रणगाडे गेले कुठे" हा प्रश्न सोडू नका, बाकी सगळं मी खरं तर त्याच्यासाठीच लिहिलंय.

हे नेमकं कुठलं युद्ध? मी तर ऐकलंच नाही.

२७ जून १९९१ ला सुरू झालं आणि ७ जुलैला ब्रिओनी बेटांवर करार होऊन संपलं. एका बाजूला युगोस्लाव्हियाची फेडरल आर्मी, तिला तिकडे जेएनए म्हणायचे, आणि दुसऱ्या बाजूला दोन दिवसांपूर्वी स्वातंत्र्य जाहीर केलेला स्लोव्हेनिया. नाव दहा दिवसांचं पडलंय पण खरी मारामारी आठवडाभरच होती, शेवटचे दोन-चार दिवस चर्चा आणि धमक्यांत गेले. आणि तुम्ही ऐकलं नाही यात तुमची चूक नाही, त्यानंतर शेजारी जे काही झालं त्याच्यापुढे हे झाकोळूनच गेलं.

स्लोव्हेनिया म्हणजेच स्लोव्हाकिया ना?

नाही! स्लोव्हाकिया चेकोस्लोव्हाकियातून निघाला, १९९३ ला, आणि एकही गोळी न झाडता. स्लोव्हेनिया इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशियाच्या मधे आहे, राजधानी ल्युब्लियाना. क्षेत्रफळ आपल्या नगर जिल्ह्यापेक्षा थोडंसंच जास्त आणि लोकसंख्या तेव्हा वीस लाखाच्या आत. बास्केटबॉलवाला लुका डोन्चिच, सायकलवाला पोगाचार आणि मेलानिया ट्रम्प, तिघंही तिथलेच.

युगोस्लाव्हिया मुळात होतं काय?

सहा रिपब्लिक मिळून एक देश: स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, सर्बिया, मॉन्टेनिग्रो, मॅसेडोनिया. शिवाय सर्बियाच्या आत कोसोव्हो आणि वोयवोदिना असे दोन स्वायत्त प्रांत. दोन लिप्या, तीन मोठे धर्म, आणि भाषा किती यावर आजही एकमत नाही. हे सगळं मोट बांधल्यासारखं टिटोने, देशाच्या कम्युनिस्ट सर्वेसर्वाने, बांधून ठेवलेलं. टिटो ४ मे १९८० ला गेला (ल्युब्लियानाच्या हॉस्पिटलमध्येच गेला, योगायोग बघा) आणि त्याच्यानंतर काय, तर सहा रिपब्लिक आणि दोन प्रांतांचे आठ प्रतिनिधी, आणि दरवर्षी पाळीपाळीने त्यातला एक अध्यक्ष. कागदावर छान दिसतं. पण तिजोरीत खडखडाट झाला, १९८९ ला महागाई हजार टक्क्यांच्याही पलीकडे गेली आणि मग पाळीपाळीवाल्या अध्यक्षाला कोण विचारतो.

स्लोव्हेनियाला नेमकं खुपत काय होतं? श्रीमंत होते ना ते?

होते, आणि तेच एक दुखणं होतं. लोकसंख्येत जेमतेम ८ टक्के, पण देशाच्या निर्यातीत त्यांचा वाटा त्याच्या कितीतरी पट. कमवायचं आम्ही आणि वाटायचं बेलग्रेडने (देशाची राजधानी, सर्बियातली), हे तिथल्या कुठल्याही कॅफेत ऐकू यायचं. पण फक्त पैशासाठी कुणी रणगाड्यासमोर उभं राहत नाही, माझं तरी असं मत आहे. भीती होती ती सर्बियाचा नेता मिलोशेविच याची. त्याने मार्च १९८९ मध्ये कोसोव्होची स्वायत्तता काढून घेतली, मॉन्टेनिग्रो आणि वोयवोदिनात आपली माणसं बसवली, म्हणजे आठातली चार मतं एकाच्या खिशात. स्लोव्हेन लोकांनी हिशोब केला की उद्या आपला नंबर.

मग एकेक घडत गेलं. सप्टेंबर १९८९ ला त्यांनी आपल्या घटनेत फुटून निघायचा हक्क लिहून घेतला. डिसेंबरला मिलोशेविचच्या समर्थकांना ल्युब्लियानात येऊन मोर्चा काढायचा होता, स्लोव्हेन सरकारने बंदी घातली, तर सर्बियाने त्यांच्या मालावर बहिष्कार टाकला, एकाच देशात हां! जानेवारी १९९० ला कम्युनिस्ट पक्षाचं अधिवेशन भरलं, स्लोव्हेन प्रतिनिधींच्या सगळ्या सूचना एकामागोमाग एक फेटाळल्या गेल्या आणि ते उठून चालते झाले. पक्ष तिथेच मोडला. आणि १९९० संपता संपता कळलं की सर्बियाने कुणाला न विचारता राष्ट्रीय बँकेतून अब्जावधी दिनार उचललेत. त्यानंतर कोण थांबतंय.

भाषेचा काही संबंध होता का?

होता, आणि मराठी माणसाला हा भाग लगेच कळतो. स्लोव्हेन ही वेगळी भाषा आहे, सर्बो-क्रोएशियनची बोली नाही. तिच्यात अजून द्विवचन आहे, संस्कृतसारखं, जे आपल्या मराठीने कधीच सोडून दिलं. "आम्ही दोघं जातो" ला वेगळं रूप आणि "आम्ही सगळे जातो" ला वेगळं. दोनला द्वा, तीनला त्री म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार मजा वाटली होती.

तर आर्मीत हुकूम सर्बो-क्रोएशियनमध्येच चालायचे. १९८८ मध्ये म्लादिना नावाच्या मासिकाने, तरुण पोरांचं होतं ते, आर्मीची लफडी छापायला सुरुवात केली, संरक्षणमंत्र्याचा बंगला सैनिकांकडून बांधून घेतला वगैरे. आर्मीने तीन पत्रकार आणि एक सार्जंट पकडला, गुप्त कागद फोडल्याचा आरोप ठेवला आणि ल्युब्लियानात, त्यांच्याच राजधानीत, लष्करी कोर्टात खटला चालवला तोही सर्बो-क्रोएशियनमध्ये. कोर्टाबाहेर हजारो लोक जमायचे. त्या चौघांतला एक यानेझ यान्शा. तीन वर्षांनी हाच माणूस स्लोव्हेनियाचा संरक्षणमंत्री होता आणि समोर तीच आर्मी.

लोकांना विचारलं होतं का, की नेत्यांनीच ठरवलं?

विचारलं, २३ डिसेंबर १९९० ला सार्वमत घेतलं. आणि अट कडक होती, फक्त मत देणाऱ्यांचं बहुमत चालणार नाही, एकूण मतदारयादीच्या निम्म्याहून जास्त "हो" पाहिजेत. मतदान झालं ९३ टक्के आणि एकूण मतदारांपैकी ८८.५ टक्के "हो" म्हणाले. सहा महिन्यांत अंमलबजावणी करायची असं ठरलेलं होतं म्हणून जूनच्या शेवटची तारीख आली, ती कुणी पंचांग बघून काढलेली नव्हती.

एवढ्याशा प्रदेशाकडे सैन्य आलं कुठून?

हा माझा आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर खुद्द युगोस्लाव्हियानेच तयार करून ठेवलं होतं. १९६८ ला रशियाने चेकोस्लोव्हाकियात रणगाडे घातले तेव्हा टिटो हादरला, उद्या आपल्यावर आले तर? म्हणून त्याने प्रत्येक रिपब्लिकमध्ये टेरिटोरियल डिफेन्स उभी केली. म्हणजे गावोगावची साधी माणसं, शिक्षक, कामगार, शेतकरी, सैन्यात एक टर्म काढून आलेली, वेळ आली की जवळच्या गोदामातून बंदूक काढायची आणि आपला रस्ता, आपला पूल अडवायचा. मोठ्या रणगाडा सैन्याशी लहान देशाने कसं लढायचं याचं रीतसर ट्रेनिंग. रशियासाठी तयार केलेला हा प्लॅन शेवटी जेएनएवरच उलटला.

आर्मीला हे कळत नव्हतं असं नाही. मे १९९० ला निवडणुकीनंतर नवं सरकार बसत होतं त्याच दिवसांत हुकूम आला की टेरिटोरियल डिफेन्सची हत्यारं आमच्या डेपोत जमा करा. बरीचशी गेली, पण काही तालुक्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. मग गुपचूप समांतर यंत्रणा उभी राहिली, पोलीस आणि टेरिटोरियल डिफेन्सच्या विश्वासातल्या माणसांची, आणि बाहेरून हत्यारंही आणली, त्यात खांद्यावरून रणगाड्यावर मारायचं आर्मब्रुस्ट होतं. जून १९९१ पर्यंत त्यांनी साधारण ३५ हजार माणसं उभी केली. विमान एक नाही, रणगाडा एक नाही. रणगाडे नंतर जेएनएचेच पकडले.

मे १९९१ मध्ये मारिबोर शहराजवळ पेक्रे इथे पहिली चुणूक दिसली होती. स्लोव्हेनियाने आपल्या पोरांना जेएनएत पाठवणं बंद करून स्वतःचं ट्रेनिंग सुरू केलेलं, आर्मीने त्या केंद्राला वेढा घातला आणि तिथल्या टेरिटोरियल डिफेन्सच्या कमांडरला उचललं. त्याचं आडनाव मिलोशेविच! स्लोव्हेनियाच्या बाजूने लढणारा मिलोशेविच, ही गोष्ट मी सांगितली की लोकांचा विश्वास बसत नाही.

सुरुवात कोणी केली?

तुम्ही सुरुवात कशाला म्हणता त्यावर आहे. ठरलं होतं २६ जूनला स्वातंत्र्य जाहीर करायचं, पण त्यांनी एक दिवस आधी, २५ लाच करून टाकलं (क्रोएशियानेही त्याच दिवशी केलं) आणि त्या रात्रीच सीमेवरच्या नाक्यांचा ताबा घेतला. पाट्या बदलल्या, झेंडे बदलले, कस्टमची माणसं बदलली. आता नाके म्हणजे काय साधी गोष्ट नव्हे. युगोस्लाव्हियाच्या केंद्र सरकारचं मोठं उत्पन्न कस्टम ड्यूटीचं, आणि ऑस्ट्रिया-इटलीकडून येणारा माल याच नाक्यांवरून यायचा. म्हणजे तुम्ही झेंडा लावा, गाणं म्हणा, हरकत नाही, पण गल्ल्यावर हात टाकलात तर केंद्र गप्प बसणार नाही. हे युद्ध बऱ्याच अंशी जकात नाक्यांचं होतं असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात पण नकाशा काढून बघा, निम्म्या चकमकी नाक्यांवरच्या आहेत.

२६ च्या संध्याकाळी ल्युब्लियानात समारंभ झाला, स्लोव्हेनियाचा अध्यक्ष मिलान कुचान म्हणाला की आज स्वप्नं बघायची मुभा आहे, उद्या नवा दिवस. आणि त्या नव्या दिवशी पहाटे एक-सव्वाच्या सुमारास वर्ह्निकाच्या छावणीतून रणगाडे बाहेर पडले.

त्या दहा दिवसांत झालं तरी काय?

आर्मीचा प्लॅन अगदी साधा होता: थोडी फौज, नाके आणि ल्युब्लियानाचा ब्रनिक विमानतळ ताब्यात घ्यायचे, एक-दोन दिवसांत काम संपवून परत. सुरुवातीला जेमतेम दोनेक हजार सैनिक कामाला लावले, सोबत फेडरल पोलीस आणि कस्टमवाले. रणगाडे बघूनच लोक घाबरतील असा हिशोब होता.

लोकांनी रस्त्यावर ट्रक, बस, ट्रेलर आडवे लावले. डोंगराळ मुलूख, एकीकडे जंगल दुसरीकडे दरी, रस्ता अडला की रणगाड्याची रांग जागीच उभी, पुढे जाता येईना मागे फिरता येईना. ल्युब्लियानाच्या बाहेर त्रझिनला अशीच एक तुकडी अडकली आणि तिथे चकमक झाली. छावण्यांना वेढे पडले, आणि वेढा म्हणजे काय तर वीज तोडली, पाणी तोडलं, फोन तोडला. आत अठरा-वीस वर्षांची पोरं, बाहेर त्यांना ओरडून सांगणारे लोक की बाहेर या, घरी जा, कुणी काही करणार नाही.

२८ जून सगळ्यात वाईट गेला. मेद्व्येद्येकला हायवेवर अडवणुकीसाठी उभ्या केलेल्या ट्रकांवर विमानांनी हल्ला केला, आणि ते ट्रक कुणाचे, तर वाटेत अडकलेल्या परदेशी ड्रायव्हरांचे. ब्रनिक विमानतळावर दोन ऑस्ट्रियन पत्रकार मारले गेले. नोवा गोरित्साजवळ रोझ्ना दोलिनाच्या नाक्यावर स्लोव्हेन लोकांनी रणगाडे उडवले आणि काही चालू स्थितीत पकडले. होल्मेकच्या नाक्यावर शरण आलेल्या सैनिकांवर गोळ्या झाडल्या का यावरून पुढे कितीतरी वर्षं वाद चालला, चौकशीत युद्धगुन्हा झाल्याचं निघालं नाही पण वाद काही मिटला नाही.

२ जुलैला पुन्हा भडका. गोर्न्या रादगोनाला गावात लढाई, क्राकोव्ह्स्की गोझ्द नावाच्या जंगलात अडकलेली रणगाड्यांची रांग, टीव्हीच्या टॉवरांवर बॉम्ब. त्याच संध्याकाळी युद्धबंदीची भाषा सुरू झाली. दुसऱ्या दिवशी बेलग्रेडहून रणगाड्यांचा भला मोठा ताफा निघाला, लोकांनी फुलं टाकली, जगाला वाटलं आता स्लोव्हेनिया संपला. तो ताफा क्रोएशियाच्या सीमेपर्यंतच गेला, काही रणगाडे तर वाटेतच बंद पडले.

आणि एक लढाई ल्युब्लियानाच्या त्सांकार्येव दोम या सांस्कृतिक भवनाच्या तळघरात चालली होती. माहितीमंत्री येल्को कात्सिनने तिथे प्रेस सेंटर थाटलेलं, जगभरचे पत्रकार, रोज ब्रीफिंग. छोटा लोकशाही देश विरुद्ध कम्युनिस्ट रणगाडे, अशी बातमी युरोपभर गेली. ते साफ खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं.

हेलिकॉप्टर आणि ब्रेडची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. २७ जूनच्या संध्याकाळी ल्युब्लियानावर जेएनएचं एक गझेल हेलिकॉप्टर पाडलं. त्यात ब्रेड होता. आतले दोघेही गेले, पायलट स्वतः स्लोव्हेन आणि त्याच्यासोबतचा टेक्निशियन मॅसेडोनियाचा. काही जण म्हणतात छावण्यांना रसद पोचवत होते म्हणजे युद्धातलंच काम, काही म्हणतात नि:शस्त्र होतं ते, पाडायची गरज नव्हती. तीस वर्षं उलटून गेली तरी हा वाद निघाला की टेबलावरचे आवाज चढतात. मला विचाराल तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे, पण ब्रेड मात्र डोक्यातून जात नाही.

जेएनएचे सैनिक मनापासून लढत होते का?

बहुतेक नाही. सक्तीच्या भरतीतली पोरं, सगळ्या रिपब्लिकमधली, कोसोव्होचे अल्बेनियन, बोस्नियाचे, मॅसेडोनियाचे. कुणाला धड सांगितलेलंही नव्हतं की आपण कुणाशी लढतोय. त्यातल्या एकाला टीव्हीवाल्याने विचारलं काय चाललंय, तर तो म्हणाला, "ते म्हणे वेगळं व्हायचं म्हणतायत आणि आम्ही म्हणे होऊ देत नाही." हे वाक्य सगळ्या युगोस्लाव्हियात म्हणीसारखं झालं. आणि मराठीत ते इतकं नेमकं बसतं, कारण त्या "म्हणे" मध्येच सगळं आलं.

स्लोव्हेनियाने साडेचार हजारांहून जास्त सैनिक पकडले, बरेच जण तर स्वतःहून आले. २ जुलैला सैनिकांच्या आया बेलग्रेडला सर्बियाच्या संसदेत घुसल्या, आमची मुलं परत आणा म्हणून.

किती लोक गेले?

स्लोव्हेनियाची १९ माणसं, जेएनएचे ४४, आणि १२ परदेशी, ड्रायव्हर आणि पत्रकार धरून. थोडा फरक वेगवेगळ्या मोजणीत पडतो. जखमी दोन्हीकडे साधारण दीडशे-दोनशेच्या आसपास.

मग दहा दिवसांत संपलं कसं? स्लोव्हेन इतके भारी लढले?

चांगले लढले, तयारी उत्तम होती, हे कुणी नाकारत नाही. पण फक्त त्याने दहा दिवसांत संपत नाही. युरोपातली चौथ्या-पाचव्या नंबरची म्हणवली जाणारी आर्मी, मनात आणलं असतं तर तिने ल्युब्लियाना भाजून काढलं असतं. मनात का आणलं नाही हे बघायला पाहिजे.

एक तर आर्मीला मालकच नव्हता. त्या पाळीपाळीच्या अध्यक्षपदावर मे महिन्यात क्रोएशियाच्या स्टिपे मेसिचची पाळी होती, सर्बियाच्या गटाने त्याला बसूच दिलं नाही. त्यामुळे युद्ध सुरू झालं तेव्हा देशाला सरसेनापतीच नाही! पंतप्रधान आंते मार्कोविचने नाके परत घ्यायचा आदेश दिला, पण त्याला पाहिजे होता अखंड युगोस्लाव्हिया आणि त्याच्या हातात सैन्य कुठे होतं. मेसिच बसला तो १ जुलैला, युरोपवाल्यांनी मध्यस्थी केल्यावर.

दुसरं म्हणजे मिलोशेविचला स्लोव्हेनिया नकोच होता. १९९१ च्या जनगणनेत तिथे ८८ टक्के स्लोव्हेन, सर्ब लोक थोडे आणि तेही विखुरलेले, कामाधंद्यासाठी आलेले. जानेवारी १९९१ मध्येच बेलग्रेडला कुचान आणि मिलोशेविचची भेट झाली होती आणि त्यात साधारण असं ठरलं की स्लोव्हेनियाचा आपलं आपण ठरवायचा हक्क सर्बियाला मान्य, आणि सगळ्या सर्बांना एका देशात राहायचंय हे स्लोव्हेनियाला समजतं. हे दुसरं वाक्य पुन्हा वाचा. सगळे सर्ब एका देशात, म्हणजे क्रोएशियातले आणि बोस्नियातलेही. कुचान यात दोषी आहे असं मी म्हणत नाही, त्याला आपलं घर वाचवायचं होतं. पण वाटणीत धाकट्याने आपला हिस्सा शांतपणे सोडवून घेतला आणि बाकीच्यांच्या बांधावर काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं.

आर्मीतले जे लोक पूर्ण ताकदीनिशी हल्ला करा म्हणत होते त्यांना सर्बियानेच साथ दिली नाही.

ब्रिओनी करार म्हणजे काय?

७ जुलैला एड्रिॲटिक समुद्रातल्या ब्रिओनी बेटांवर युरोपियन कम्युनिटीचे मंत्री, फेडरल सरकार, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया बसले. लक्झेंबर्गचा परराष्ट्रमंत्री जाक पूस त्या दिवसांत म्हणाला होता की आता युरोपची वेळ आली आहे. पुढे बोस्नियात युरोप हात चोळत बसला तेव्हा हेच वाक्य त्याच्या तोंडावर मारलं गेलं. करारात ठरलं ते असं की स्वातंत्र्याची अंमलबजावणी तीन महिने थांबवायची, आर्मीने छावण्यांत जायचं, नाक्यांवर स्लोव्हेन पोलीस राहतील आणि कस्टमचा पैसा एका संयुक्त खात्यात. बघा, शेवटी पुन्हा नाकेच. युरोपने निरीक्षक पाठवले, पांढऱ्या कपड्यांतले, लोकांनी त्यांना नाव ठेवलं आइस्क्रीमवाले.

तीन महिने संपले त्या दिवशी, ८ ऑक्टोबर १९९१ ला, स्लोव्हेनियाने स्वतःचं चलन काढलं, तोलार.

आणि हो, ब्रिओनी हे नाव आपल्याला वेगळ्या कारणाने माहीत असायला पाहिजे. जुलै १९५६ मध्ये नेहरू, टिटो आणि इजिप्तचा नासर याच बेटांवर भेटले होते, अलिप्ततावादाची बीजं तिथलीच. टिटोची उन्हाळ्यातली राहायची जागा ती. पस्तीस वर्षांनी त्याच जागी त्याचा देश मोडायचे कागद झाले.

ते रणगाडे गेले कुठे?

१८ जुलैला फेडरल अध्यक्षमंडळाने (तेच पाळीपाळीवाले आठ प्रतिनिधी) ठरवलं की जेएनए स्लोव्हेनियातून पूर्ण बाहेर पडेल. स्लोव्हेनियात आनंदीआनंद. विरोधात मत दिलं ते क्रोएशियाच्या मेसिचने, आणि का दिलं हे शाळकरी पोरालाही कळेल, ही फौज हवेत विरघळणार नव्हती. शेवटचे सैनिक २५-२६ ऑक्टोबरच्या रात्री कोपर बंदरातून जहाजाने गेले. बरीचशी माणसं आणि सामान बोस्निया आणि सर्बियाकडे सरकलं. तोपर्यंत क्रोएशियात वुकोवारचा वेढा चालूच होता, ते शहर १८ नोव्हेंबरला पडलं. म्हणजे कोपरहून जहाज सुटल्यावर तीन आठवड्यांनी.

क्रोएशियात सर्ब लोक १२ टक्के होते, सीमेलगत सलग वस्ती. बोस्नियात तर मुस्लिम ४४ टक्के, सर्ब ३१, क्रोएट १७, एका बिल्डिंगमध्ये तिघंही. तिथे नकाशावर रेघ कुठे ओढणार? एप्रिल १९९२ ला सारायेवोचा वेढा सुरू झाला तो १९९६ पर्यंत चालला, बोस्नियात सगळे मिळून लाखाच्या आसपास माणसं गेली.

आणखी एक. त्या जूनमध्ये क्रोएशियाच्या काही लोकांना वाटत होतं की आपणही लगेच आर्मीवर तुटून पडावं, दोन्हीकडून कोंडावं. संरक्षणमंत्री मार्टिन श्पेगेलचं हेच म्हणणं होतं. अध्यक्ष तुज्मानने ऐकलं नाही. ऐकलं असतं तर काय झालं असतं यावर तिकडे अजून रात्र रात्र वाद होतात.

भारताचा किंवा आपल्या लोकांचा काही संबंध?

स्लोव्हेनियाच्या युद्धाशी नाही. पण त्यानंतर क्रोएशिया आणि बोस्नियात युनोची शांतिसेना गेली, १९९२ ला, तिचे पहिले फोर्स कमांडर आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, बेळगाव ज्या रेजिमेंटचं घर. वर्षभर त्यांनी ते काम केलं, टिकवायला शांतता नव्हतीच अशा ठिकाणी. बाकी युगोस्लाव्हिया म्हटलं की आपल्या आधीच्या पिढीला टिटो आणि नेहरूंचे फोटो आठवतात, आमच्या घरी जुन्या अंकांत होते तसले.

स्वातंत्र्यानंतर सगळं गोड झालं का?

देश म्हणून गाडी छान लागली. जानेवारी १९९२ ला युरोपची मान्यता, मे मध्ये युनो, २००४ ला नेटो आणि युरोपियन युनियन, २००७ ला युरो. यान्शा पुढे पंतप्रधानही झाला, एकदाच नाही, आणि आता त्याच्यावरून देश दोन तुकड्यांत भांडतो.

पण एक गोष्ट तिथे लोक पटकन बोलत नाहीत. दुसऱ्या रिपब्लिकमधून येऊन वर्षानुवर्षं राहिलेल्यांना नागरिकत्वासाठी सहा महिन्यांत अर्ज करायचा होता, १ लाख ७० हजारांच्या वर लोकांना ते मिळालंही. ज्यांनी केला नाही, किंवा ज्यांचा नाकारला, त्यांची नावं २६ फेब्रुवारी १९९२ ला कायमच्या रहिवाशांच्या रजिस्टरमधून काढून टाकली. २५,६७१ माणसं. ना नोटीस ना काही. कुणी लायसन्स रिन्यू करायला गेला, कुणी दवाखान्याच्या कार्डासाठी, आणि खिडकीतल्या बाईने ओळखपत्र घेऊन पंच करून टाकलं. नोकरी गेली, पेन्शन गेली, काहींना हद्दपार केलं. तिकडे त्यांना इझब्रिसानी म्हणतात, पुसलेले. त्यांच्याच घटनापीठाने हे चूक ठरवलं, १९९९ ला आणि परत २००३ ला, तरी सरकारं टाळत राहिली, शेवटी २०१२ ला युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने देशाला दोषी धरलं. रणगाड्यांपुढे ज्यांनी एवढी हिंमत दाखवली त्यांनीच एका रजिस्टरने हे करावं, हे मला पचत नाही.

आज तिथे गेलं तर त्या युद्धाचं काही बघायला मिळतं का?

मिळतं. पिव्का गावात जुन्या छावणीत लष्करी इतिहासाचं मोठं म्युझियम आहे, रणगाडे आहेत आणि एक अख्खी पाणबुडी (डोंगरात पाणबुडी बघून पोरं वेडी होतात). २५ जूनला सुट्टी असते आणि सार्वमताच्या निकालाची आठवण म्हणून २६ डिसेंबरलाही.

पण ल्युब्लियानात वेळ कमी असेल तर मेतेल्कोवाला जा. ती जेएनएची छावणी होती, स्टेशनपासून चालत पाच-दहा मिनिटं. आर्मी गेल्यावर नगरपालिका पाडायला लागली तर १९९३ ला कलाकार आणि विद्यार्थी घुसून बसले, आणि बसलेच. आता भिंती रंगवलेल्या, रात्री गाणी, कुणी बिअर घेऊन पायरीवर. तिथलं लष्करी तुरुंगाचं घर आता हॉस्टेल आहे, त्सेलित्सा नाव, म्हणजे कोठडी. मी एक रात्र राहिलो, दाराला अजून गज आहेत, किल्ली मात्र आपल्याकडे देतात. रिसेप्शनवरच्या पोरीला मी युद्धाबद्दल विचारलं तर म्हणाली, माझा जन्म नंतरचा, आणि नाश्ता साडेसातला.